पायांना कोण बघतं

४ मार्च

पत्र आलं. नाही मिळालं.

एवढंच लिहून वही मिटणार होते. पण डोकं तापलंय, आणि तापल्या डोक्याने लाकडाला हात लावायचा नाही हा माझाच नियम. म्हणून लिहीत बसते.

‘बर्फावरची हिल्मा या प्रयोगास यंदा गौरवपत्र देता येत नाही, याचा मंडळास खेद वाटतो.’ खेद! खेद वाटणाऱ्याने निदान सही तरी शाईने करावी. शिक्का मारलाय.

वर्षाला एकच बक्षीस असतं आणि ते दुसऱ्या कुणाला गेलं असतं, तर मी गप्प बसले असते. पण आम्हा बाहुलीवाल्यांच्या मंडळाची रीत तशी नाही. पहिला नाही, दुसरा नाही, पैसा नाही, ढाल नाही. जेवढे प्रयोग उत्तम, तेवढी गौरवपत्रं. एखाद्या वर्षी चौदा, एखाद्या वर्षी तीन. परीक्षक तिघे, तिघेही आपल्यातलेच. ते न सांगता वेगवेगळ्या दिवशी येतात, चारचौघांसारखं तिकीट काढून बसतात. चित्रफीत चालत नाही, प्रत्यक्षच पाहायचं. तिघांनी ‘हो’ म्हटलं तर गौरव, एकानेही ‘नाही’ म्हटलं की संपलं.

म्हणजे मला कुणी हरवलेलं नाही. कुणीतरी अंधारात बसून माझी हिल्मा पाहिली आणि ठरवलं, की ही उत्तम नाही.

तिचं डोकं कोरायला मला चार महिने लागले. मान वळली की आधी डोळे पोहोचतात आणि मग हनुवटी, एवढ्यासाठी मानेचे तीन सांधे वाया घालवले. सेहेचाळीस वर्षांची आहे मी. यातली तेवीस वर्षं लाकडात जीव घालण्यात गेली. कागद तरी द्यायचा होता.

५ मार्च

चर्चच्या तळघरात, आमच्या तालमीच्या खोलीत, दोघांना सांगितलं.

गस पेल्टियर म्हणाला, “तिघांनी नाही म्हटलं असेल असं मला वाटत नाही. एकच असणार.” गस हिल्माचा डावा हात चालवतो. स्वभावही डाव्या हातासारखाच आहे त्याचा, मदतीला तत्पर, पुढाकार नाही.

बर्नाडीनने पाव किलो लोणी घातलेल्या लिंबाच्या वड्या आणल्या होत्या. “आधी खा,” म्हणाली. “रिकाम्या पोटी रागावलं की राग अंगी लागतो.”

बर्नाडीन झुपान हिल्माचे पाय चालवते. त्रेसष्ट वर्षांची आहे. सत्तावीस वर्षं शाळेच्या स्वयंपाकघरात काढली तिने. अकरा वर्षांपूर्वी याच तळघरात कॉफी करायला म्हणून आली होती. आमची पाय चालवणारी मुलगी तेव्हा कॅलिफोर्नियाला पळाली होती, आणि बर्नाडीन म्हणाली, “गुडघ्यांवर बसायचंच ना? चूल घासण्यात जन्म गेलाय माझा.” तेव्हापासून आहे. भली बाई.

गस हळूच म्हणाला, “कुणी ओ क्लेअर गावातला खेळ पाहिला असेल तर?”

“मग काय? झाला की तो खेळ,” मी म्हटलं.

बर्नाडीन वड्यांचा डबा पुसत राहिली. तो रिकामा नव्हता.

९ मार्च

टू हार्बर्सच्या वाचनालयात प्रयोग. साठ माणसं, बाहेर उणे अठरा.

माझी कुठलीही भावना प्रयोगात उतरू नये असा निश्चय केला होता, पण आज हिल्मा रागीट झाली. पन्नास मिनिटांचा खेळ, शब्द जवळजवळ नाहीतच: एक म्हातारी गोठलेल्या सरोवरावरून पलीकडच्या काठावर बहिणीकडे चालत निघते, आणि बर्फ फुटायचा मोसम असतो. बस्स. आज ती वारा कापत निघाली. मला आवडली.

खेळ संपल्यावर एक आजोबा आले. त्यांनी माझा हात दोन्ही हातांत धरला, रडत होते. “माझी मावशी अशीच चालायची हो. अगदी अशीच. एक पाऊल टाकायचं, मग क्षणभर थांबून दुसऱ्याची समजूत काढायची.” मी त्यांना सांगितलं, की डोक्याचं वजन नेमकं साधलं की सगळं शरीर आपोआप खरं वाटतं. ते माझ्याकडे बघत राहिले. भारावले असावेत.

शेवटच्या नमस्काराचं पुन्हा तेच. मी डोकं चालवते म्हणून आमच्या रिवाजाप्रमाणे माझा चेहरा उघडा; गस आणि बर्नाडीन काळ्या खोळीत. शेवटी त्या दोघांनी खोळ काढून उभं राहायचं असतं. गस राहतो. बर्नाडीनला जमिनीवरून उठायला इतका वेळ लागतो, की तोवर प्रकाशयोजना सांभाळणारा ऑरिन दिवे घालवतो. अकरा वर्षं तिला सांगतेय, जरा आधीपासून उठायला लाग. पण शेवटच्या क्षणापर्यंत ती बुटांवरचा हात काढत नाही. हट्टी आहे.

१३ मार्च

मागितल्यावर शेरे पाठवतात. निकालानंतर परीक्षकांची नावंही कळतात. आज आले.

पहिला शेरा: ‘या प्रयोगातली चाल मी आयुष्यभर विसरणार नाही.’ मत: हो.

दुसरा: ‘ती बर्फाच्या मध्यावर थांबते आणि एक टाच उचलून ठेवते, तेव्हा प्रेक्षागृहाने श्वास रोखला.’ हो!

तिसरा:

‘डोकं अप्रतिम कोरलेलं आहे, चेहऱ्याचा अभिनयही. परंतु ही म्हातारी चालत नाही. तिला उचलून पुढे ठेवलं जातं. चालण्याची गोष्ट सांगणाऱ्या प्रयोगात हे क्षम्य नाही. अँब्रोझ टिलरी.’

अँब्रोझ टिलरी!

आता कळलं. बारा वर्षांपूर्वी, शिकागोच्या मेळाव्यात भर सभेत मी म्हटलं होतं, की टिलरींच्या राजापेक्षा त्याच्या दोऱ्या जास्त अभिनय करतात. सभा हसली होती. ते नव्हते हसले. बारा वर्षं हा माणूस दोरी धरून बसला, आणि आता ओढली.

चालत नाही म्हणे! दोन माणसं म्हणतात चाल विसरणार नाही, आणि हा म्हणतो चालतच नाही. डोळे आहेत की खुंटीला टांगून ठेवलेत? आणि हाच म्हणे आपल्या कलेतल्या उत्तमाचा न्याय करणार! कुणी नेमलं याला? मेली माशी शिंकली म्हणून देऊळ पाडतात का?

१४ मार्च

मंडळाला चार पानी पत्र लिहिलं. फाडलं. दोन पानी लिहिलं. तेही फाडलं. ‘सूडबुद्धी’ हा शब्द प्रत्येक मसुद्यात होता आणि प्रत्येक वेळी अक्षर वेगळं आलं होतं.

दिवसभर एक पटाशी लावत बसले. धार इतकी चढली की कागद नुसता टेकवला तरी चिरतो. लाकडाला अशा धारेची गरज नसते.

२० मार्च

तालीम संपल्यावर गस गाडीत पेट्या ठेवायला गेला. बर्नाडीन जमिनीवरच बसून होती, हिल्माचे लोकरीचे बूट मांडीवर घेऊन. त्यांना ब्रश करत म्हणाली, “लेनोर, मे महिन्यानंतर मी नाही हं.”

“म्हणजे?”

“गुडघे. डॉक्टर म्हणते आता एक तरी बदलायचा. मी म्हटलं, मेपर्यंत थांब बाई, चार खेळ बोललेत.”

मी म्हटलं, काळजी करू नकोस, आपण कुणालातरी शिकवू, उन्हाळ्याचे दोन आठवडे पुरतील. तिला बरं वाटावं म्हणून म्हटलं.

ती म्हणाली, “दोन आठवडे.” नुसतं तेवढंच. मग उठली, म्हणजे उठायला लागली. मी हात दिला. वजनदार आहे बर्नाडीन, पण हाताला तिचं वजन कधीच येत नाही; ते सगळं ती स्वतःच कुठेतरी धरून ठेवते.

घरी येताना वाटलं, सगळंच एकदम का सुटतंय? आधी गौरव गेला, आता ही. आणि मग स्वतःचीच चीड आली, की माझ्या मनात हा क्रम असा का लागला.

२७ मार्च

पहिलं जहाज आज बंदरात आलं. भोंगा वाजला आणि तेवढ्या जोरावर मी अँब्रोझ टिलरींना फोन केला. निकाल लागल्यावर बोलायला बंदी नाही. काय बोलायचं ते चिठ्ठीवर लिहून ठेवलं होतं.

“कोइविस्टो बाई,” ते म्हणाले. “वाटच बघत होतो. उशीर केलात.”

“मला एवढंच विचारायचंय, की शिकागोचा राग तुम्ही—”

“कुठला शिकागो?”

मी आठवण दिली. पलीकडून ते चक्क हसले. खोकला येईपर्यंत हसले. “खरंच होतं ते! तो राजा मी दुसऱ्या दिवशी मोडीत काढला. दोऱ्या लांब झाल्या होत्या. मला सांगायला कुणाची छाती झाली नव्हती.”

चिठ्ठीवरची पुढची तीन वाक्यं निरुपयोगी झाली.

“बाई, मी ओ क्लेअरला आलो होतो. सत्तावीस जानेवारी, दुपारचा खेळ. तिसऱ्या रांगेत होतो. शेरे वाचल्यापासून मलाही झोप लागत नाही. ते दोघे ज्या चालीबद्दल लिहितात, ती मी पाहिलेली नाही. पाहिली असती तर मी आंधळा नाही. त्या दिवशी पायांवर कोण होतं?”

मी म्हटलं, “गस. त्या दिवशी आमच्या बाई नव्हत्या. डावा हात शालीला टाचून घेतला होता आम्ही. करतात तसं.”

“करतात,” ते म्हणाले. “मीही केलंय. पायच तर आहेत, असं म्हणून.” मग कागद चाळल्याचा आवाज आला. “तुमच्या बाईंचं नाव काय? माझ्याकडे पत्रिका आहे. ‘लेनोर कोइविस्टो, गस पेल्टियर आणि मंडळी.’ मंडळी म्हणजे कोण?”

माझ्या तोंडून ताबडतोब उत्तर गेलं, ‘जागा नव्हती.’ तळहाताएवढी पत्रिका आहे, खरंच जागा नसते. मागच्या बाजूला हिल्माचं डोकं कोरतानाचं माझं चित्र आहे.

ते रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं, मला पकडायला काही मिळालं असतं. म्हणाले, “नियमात एक पळवाट आहे. त्याच वर्षात परीक्षक स्वतःहून पुन्हा पाहू शकतो. कधी येईन ते सांगणार नाही. येईन की नाही तेही नाही. ठेवतो.”

२८ मार्च

पत्रिकांचा गठ्ठा काढला. अकरा वर्षांच्या. मंडळी, मंडळी, आणि मंडळी. एकीत ‘आणि सहकारी’. त्या वर्षी छापणारा बदलला होता.

२२ एप्रिल

तीन आठवड्यांहून अधिक काही लिहिलं नाही. ॲशलंडला एक खेळ झाला, सुपीरियरला एक. दोन्ही खेळांत मी डोकं चालवत होते आणि पहिल्यांदाच खाली बघत होते. डोकं चालवणाऱ्याने खाली बघायचं नसतं, बाहुलीची नजर ढळते. ढळली.

आणि काय दिसलं? हिल्माच्या झग्याखाली पाय नाहीतच. हे मला ठाऊक आहे, मीच बनवलीय ती. झग्याच्या काठाखाली फक्त दोन बूट, आणि वर गुडघा हवा तिथे बर्नाडीनची मूठ. म्हणजे गुडघा तीच, मांडीही तीच. मी श्वास घेते त्याच्या किंचित आधी ती टाच उचलते. इतकी वर्षं मला वाटायचं, की माझ्या श्वासावर ती चालते.

बर्नाडीन कधीच माझ्याकडे बघत नाही. तिच्या खोळीवर माझ्या झग्याची सावली असते.

हे सगळं तिला सांगायला आज तिच्या घरी गेले. स्मेल्ट मासे आलेत नदीत. शेजाऱ्याने बादलीभर दिले होते आणि ती उभ्याने तळत होती. गुडघ्याला पट्टा. मी खुर्ची पुढे केली तर म्हणाली, “बसून तळणारी बाई पाहिलीस का कधी?”

मी टिलरींचं सगळं सांगितलं. क्षमाही मागितली. चांगल्या शब्दांत मागितली, येताना गाडीत जुळवले होते.

तिने माशांचा घाणा काढला. मग झारा तसाच हातात धरून वळली.

“तुला आठवतंय का, मी तुला फोन केला होता? जानेवारीत?”

“व्हर्नाच्या वेळी. हो. मी फुलं पाठवली होती.”

“फुलं आली. छान होती. मी तुला म्हटलं होतं, लेनोर, सत्तावीसला माझ्या बहिणीला पुरायचंय, त्या दिवशीचा खेळ पुढे ढकल. तू काय म्हणालीस?”

मला आठवत नव्हतं. खरंच नव्हतं. आणि मग आठवलं, आणि स्वयंपाकघरात तेलाचा धूर इतका होता की बरं झालं.

“मी सांगते,” ती म्हणाली. “तू म्हणालीस, ‘तू निश्चिंत जा गं बर्नी. आम्ही करू काहीतरी. पायांना कोण बघतं?’ मला हलकं वाटावं म्हणून म्हणालीस. मला ठाऊक आहे ते. तू वाईट नाहीस, पोरी. वाईट असतीस तर मी तेव्हाच झारा घातला असता डोक्यात.”

“बर्नी—”

“थांब, दुसरा घाणा टाकू दे.” टाकला. “नऊ वर्षांची असताना व्हर्ना बर्फावर पडली. खुबा नीट बसलाच नाही. शाळेत जाताना ती पुढे आणि मी मागे. रोज दोन मैल. कुणी चिडवलं तर दगड मारायचं काम माझं. आठ वर्षं मी तिच्या टाचा बघत चालले. एक पाऊल, मग थांबायचं, मग दुसऱ्याची समजूत. तू मला म्हणालीस ना पहिल्या तालमीला, ‘म्हातारीसारखं चालव’? मला म्हाताऱ्या येत नाहीत. मला व्हर्ना येते. ती ॲशलंडला दोनदा आली होती आपला खेळ बघायला. दुसऱ्यांदा मला म्हणाली, ‘बर्नाडीन, त्या म्हातारीला सांग, डावीकडे जरा कमी लंगड. मी एवढी नव्हते लंगडत.’” बर्नाडीन हसली. “नव्हते म्हणे! आणि ज्या दिवशी तिला मातीत ठेवलं, त्या दिवशी ओ क्लेअरला तुम्ही तिला उचलून उचलून पुढे ठेवत होतात. बरोबर पाहिलं त्या म्हाताऱ्याने. शाबास त्याची.”

मी विचारलं, तुला काय हवंय, पत्रिकेत नाव, मोठ्या अक्षरात?

“तुला वाटतं मी नावासाठी रागावलेय?” ती म्हणाली. “मासे खा. गार झाले की वातड होतात.”

खाल्ले. काटे न काढता खायचे असतात, तेवढंच बरं. काटे काढत मान खाली घालून बसायला निमित्तच उरलं नाही.

२३ एप्रिल

नवीन पत्रिका छापायला दिली. तिघांची नावं एका मापाची. मागचं माझं चित्र काढलं. तिथे काय घालायचं ते सुचेना, कोरी बाजू ठेवली.

१८ मे

शेवटचा खेळ, आमच्या गावीच, जुन्या अग्निशमन केंद्रात. सरोवरावरून धुकं आलं होतं, लोक कोट घालूनच बसले.

टिलरी आले होते की नाही, मला माहीत नाही. मी शोधलं नाही. खोटं कशाला लिहू, पहिल्या पाच मिनिटांत शोधलं. मग हिल्मा बर्फावर उतरली आणि विसरले.

आज पहिल्यांदा मी श्वास आधी घेतला नाही. टाच उचलली जाईपर्यंत थांबले आणि मग घेतला. एवढाच फरक. गसने नंतर विचारलं, “आज काय केलंस तू? माझ्या अंगावर काटा आला.” मी म्हटलं, काही केलं नाही.

शेवट. पलीकडचा काठ, बहिणीचं दार, काळोख, पुन्हा दिवे. गस उभा राहिला, खोळ काढली. टाळ्या. मी ऑरिनला आधीच बजावून ठेवलं होतं: दिवे घालवायचे नाहीत, काय वाटेल ते झालं तरी. तो म्हणाला होता, “किती वेळ?” मी म्हटलं, “लागेल तेवढा.”

बर्नाडीनने आधी बूट जुळवून ठेवले. मग एक हात जमिनीवर. मग एक गुडघा. टाळ्या थांबल्या. लोकांना वाटलं असावं की काही चुकलंय. ती हातागुडघ्यांवर ओणवी होती, उजव्या पायावर भार घेत होती, आणि तो घेतला जात नव्हता. मी हात द्यायला वाकले तर खोळीतून दबका आवाज आला, “हात लावलास तर बघ.”

एक पाऊल. थांबली. मग दुसऱ्याची समजूत काढली.

दिवे तसेच. पुढच्या रांगेतली एक बाई उठून उभी राहिली, टाळी न वाजवता. मग आणखी काही. कुणीच वाजवत नव्हतं. त्या सगळ्यांना आता कळलं होतं, की पन्नास मिनिटं कोण चालत होतं.

बर्नाडीन ताठ झाली, खोळ ओढून काढली. केस चिकटलेले, तोंड लालबुंद, आणि कमालीची चिडलेली. अकरा वर्षांत त्या उजेडात तिचा चेहरा मी एकदाही पाहिला नव्हता.

११ जून

गौरवपत्र आलं.

जाड, खडबडीत, हाताने केलेला कागद. सोबत टिलरींच्या शेऱ्याची प्रत: ‘मी चुकलो नव्हतो. पण मी दुसराच प्रयोग पाहिला होता. हो.’

आणि कागदावर काय? ‘बर्फावरची हिल्मा. लेनोर कोइविस्टो यांस.’

मी मंडळात फोन केला. तिथली मुलगी गोड बोलली. म्हणाली, अर्जात ‘मुख्य कलाकार’ असा एकच रकाना आहे, आणि तुमचं नाव तुम्हीच भरलंय. मी म्हटलं, मग रकाना बदला! बाहुलीला तीन माणसं लागतात हे बाहुलीवाल्यांच्या मंडळाला मी सांगायचं? तुम्ही डोक्याला कागद देता, आणि पाय काय चर्चच्या तळघरातून आपोआप चालत येतात? ती म्हणाली, तुमची सूचना पुढच्या बैठकीत ठेवते. ठेवा म्हटलं, आणि सोबत हेही ठेवा.

गौरवपत्र लिफाफ्यात घातलं, सोबत तीन ओळी: हे माझं नाही. तीन नावं घालून पाठवा, किंवा पाठवू नका. टपालात टाकून आले. इतकं हलकं कित्येक महिन्यांत वाटलं नव्हतं. येताना चक्क गुणगुणत होते.

१३ जून

बर्नाडीनला सांगायला गेले. तिची शस्त्रक्रिया सोमवारी आहे. मला वाटलं होतं की ती गहिवरेल. लिहितेय म्हणून सगळं लिहिते: वाटलं होतं.

“परत पाठवलंस?” ती म्हणाली. “माझ्यासाठी?”

“हो.”

“मला विचारलंस?”

मी पिशवीचा बंद नीट करायला लागले.

“जाड कागद होता का?”

“होता.”

“देवा रे.” तिने कपाळाला हात लावला. “अगं, मला तो दोन दिवस तरी बघायचा होता! व्हर्नाच्या मुलीला दाखवायचा होता, की हे बघ, तुझ्या आईच्या लंगडण्याला मिळालं. त्यावर तुझं नाव असेना का, मी पेनाने लिहिलं असतं माझं! जानेवारीत माझं न ऐकता खेळ केलास, आणि आता मला न विचारता मोठेपणा केलास. तुझं डोकं फार चांगलं कोरलंय गं देवाने, पण ते सारखं एकटंच पुढे जातं.”

गस दाराशी उभा होता, हिल्माची पेटी घेऊन. त्याला हसू दाबता येत नव्हतं. माझे कान इतके तापले की वाटलं केस पेटतील. आधी राग आला, तिचाच आला, कबूल करते. एवढं केलं तरी हिचं समाधान नाही! मग रागाला टेकायला जागाच सापडेना.

“मग आता काय करू?” मी म्हटलं.

“हे विचारायला अकरा वर्षं लागली,” बर्नाडीन म्हणाली. मग गसला, “आण रे ती इकडे. डोकं तू धर.” आणि मला, “तू खाली बस.”

बसले. तिच्या स्वयंपाकघरातली फरशी गार आणि कडक. तिने लोकरीचे बूट माझ्या हातात दिले. आतून त्यांना तिच्या बोटांचे खड्डे पडलेत; माझी बोटं त्यात बसत नाहीत. ती खुर्चीत बसली, पट्टा बांधलेला पाय स्टुलावर, मांडीवर वड्यांचा डबा.

एक पाऊल टाकलं. दुसरं टाकलं.

“हे तुझे पाय आहेत,” ती म्हणाली. “परत.”

परत केलं. दहा मिनिटांत गुडघ्यांच्या वाट्या ठणकायला लागल्या. वर गसच्या हातात माझं कोरलेलं डोकं होतं; इथून, खालून, हनुवटी सोडून त्याचं काहीच दिसत नव्हतं.

“डावीकडे जरा कमी लंगड,” बर्नाडीन म्हणाली. “ती एवढी नव्हती लंगडत. परत.”